वाफेनं कापलेला दांडा

थंडी आली की आधी माझ्या बोटांना कळतं. पेरं आखडतात, नखांच्या मुळाशी ठणकतं. वीस वरसं द्राक्षाचे घड औषधाच्या मगात बुचकळले ह्या बोटांनी. आता बागेत जायचं सुटलं, पण बोटं काय इसरत नाय. आज सकाळी बायांचा टेम्पो गेला आमच्या गल्लीवरून. डोक्याला फडकी गुंडाळलेल्या, कात्र्या कमरेला. एकीनं हाक मारली, "आजी, येती का डिपिंगला?" म्हणलं, "ये, उचलून ने मला." सगळ्या हसल्या. टेम्पो गेला आन् मागं त्यो वास राहिला. औषधाचा, गंधकाचा, ओल्या पानांचा. त्या वासासंगं मला दरसाली एकच हिवाळा आठवतो. बाकीचे आले, गेले. त्यो एक जात नाय.

यंदा तर तो गाडीत बसून दारात आला. काल इंदिरानगरहून दोघं बाप्ये आन् एक बाई आली. गाडी लावली तवा काळी व्हती, जाताना राखेनं पांढरी झाली. आमच्या एकलहऱ्यात कोळशावर वीज करायचा कारखाना, त्याच्या राखेत गाडी काय, माणूस बी तसाच पांढरा होतो. मी भाकरी थापीत व्हते. त्यातला उंच माणूस म्हणला, "आजी, आमच्या कॉलनीतल्या बागेला कप्तानसाहेबांचं नाव देतोय. त्यांच्या फोटोला हार घालायला तुम्ही स्टेजवर पाहिजे. वीर नाविकाच्या पत्नी म्हणून." मी थापतच राहिले. ती बाई हळूच म्हणली, "आजींना ऐकू येत नाही वाटतं."

ऐकू येतं बाई. लय चांगलं ऐकू येतं. तेच तर दुखणं हाय.

कप्तानसाहेब म्हंजे माझ्या मालकांचे साहेब. मोठा माणूस. मी मोठा नाय असं म्हणणार नाय. लढाईच्या जहाजाला विनाशिका म्हणतात म्हणं, पळायला चपळ, बारकी, पण दात लय. साहेबांनी अशा दोन चालवल्या. दुसरी एकाहत्तरच्या लढाईत. तिनं दुष्मनाच्या जहाजाचा पाठलाग केला, त्याला गाठलं, बुडवलं. साहेबांच्या छातीवर पदक लागलं. त्याच विनाशिकेच्या पोटात माझे मालक व्हते. स्टोकर. बॉयलरची आग राखणारा माणूस. वरचे लोक दर्या बघायचे. आमच्या माणसानं नेव्हीत राहून दर्या थोडा बघितला, आग जास्ती बघितली.

मी त्यांना एकदा इचारलं व्हतं, दर्या कसा असतो? आम्ही वणीच्या बाजूची माणसं. आमचं पाणी म्हंजे ओढ्याचं, त्ये बी दिवाळीपस्तोर. ते म्हणले, "खाली बसलं की दर्या दिसत नाय. नुस्ता ऐकू येतो. पत्र्याच्या पलीकडं कोनी कुशीवर वळल्यासारखा."

आन् वाफेचं सांगायचे. वाफेचं बोलताना त्यांचा चेहरा देवाचं बोलल्यासारखा व्हायचा. मी चुलीवर पाणी ठिवलं आन् पांढरं पांढरं वर निघालं की म्हणायचे, "ही वाफ नव्हं गं. ही दमलेली वाफ. खरी वाफ दिसत नाय. जहाजातल्या नळातली वाफ फुटली ना, तर दिसत नाय काय. नुस्तं शिट्टीवानी ऐकू येतं आन् कुठून येतं ते कळत नाय. चालत गेला तर माणूस मधोमध कापला जातो." मी म्हणलं, मंग कळायचं कसं? तर ते उठले, कोपऱ्यातला लांब झाडू घेतला आन् आंधळ्यानं काठी धरावी तसा पुढं धरून घरभर चालून दाखवला. खाली, वर, डावीकडं, उजवीकडं. "असं जायाचं. दांडा कापला की थांबायचं. दांड्याच्या पलीकडं मरण. ही रीतच हाय. बिनदांड्याचा जो आत गेला तो स्टोकर नाय, येडा."

बाळू, आमचा लेक, तवा ल्हान व्हता. तो हसून हसून लोळला, बाप झाडू घेऊन नाचतो म्हणून. मी पण हसले. मला काय माहीत, त्याच दांड्यानं आमचा जलम जाणार.

त्या हिवाळ्याचं सांगते. पंच्याण्णव-शहाण्णव साल असंल. थंडी अशी की बागाईतदार पहाटं बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचे, मणी तडकू नये म्हणून. आम्ही बाया धुरात उभ्या राहून घड इरळायचो, जादा मणी कापून काढायचो. कात्रीचं टोक बारीक, मणी बारीक, डोळ्यातून पाणी. हात मगात घातला की औषध बरफासारखं. सांजच्याला टेम्पोतून घरी यायचं तर एकलहऱ्याचे धुरांडे लांबून दिसायचे, आन् माझ्या मनात एकच यायचं. आज मालकांचा श्वास कसा असंल?

त्यांचा श्वास त्या साली पार आखडला. लढाईत जी वाफ छातीत गेली व्हती ती पंचवीस वरसं आत बसून राहिली आन् मंग मागं लागली. भिंतीला टेकून बसायचे. उजवा हात बरा व्हता, डावा पंज्यापासून कोपरापस्तोर वितळलेल्या मेणावानी. कारखान्यात कवा कवा जादा वाफ सोडतात, सगळं गाव हादरतं असा आवाज. बाकीचे कानावर हात ठेवायचे. हे ताठ बसायचे. मान वर करून ऐकायचे आन् म्हणायचे, "ही मोकळी सोडलीय. काय भ्याव नाय." जसं काय अजून ड्युटीवरच हायेत.

काय झालं व्हतं ते मला त्यांच्या तोंडून तुकड्या तुकड्यांत कळलं. जहाज पाठलागावर. वरून हुकूम, वेग कमी करायचा नाय. खाली नळाला शिट्टी लागली. कुठून ते दिसंना. ह्यांनी दांडा घेतला, पुढं धरला, शिरले. खाली, वर, डावीकडं. दांडा कापला. जागा कळली. पण झडप बंद करायचं चाक त्या जागेच्या पल्याड. आता रीतीपरमाणं थांबायचं आन् वर सांगायचं, आग कमी करा. त्यांनी सांगितलं. वरून आलं, नाय, वेग पायजे. मंग हे पोटावर पडले आन् डावा हात वाफेखालून घालून चाक फिरवलं. झडप बसली. जहाज पळत राहिलं. त्या तासाभरात दुष्मनाचं जहाज गाठलं म्हणतात.

मुंबईच्या दवाखान्यात साहेब सोता आले. संगं एक कागदवाला. कागद इंग्रजीत. साहेबांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठिवला आन् म्हणले, "सही कर बेटा. पुढचं मी बघतो." ह्यांनी केली. वाचून बघितली नाय. मी किती डाव इचारलं, इचारलं का नाय काय लिवलंय म्हणून? तर म्हणायचे, "तू येडी का? साहेबांना इचारायचं?" ही चूक दुसऱ्या कोनी केली नसती. ज्याला साहेब माहीत नाय त्यानं कागद वाचला असता. ज्यानं साहेबासंगं लढाई केली, तोच डोळे झाकून सही करतो.

त्या कागदात काय व्हतं ते आम्हाला सहा वरसांनी कळलं. ह्यांना बॉयलरची माहिती, एकलहऱ्यात बॉयलर, म्हणून गाव सोडून हितं आलो. एका ठेकेदाराच्या हापिसात कागद दाखवले. तिथला कारकून चष्मा पुसून वाचत बसला. मंग ह्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणला, "बाई, ह्यात लिहिलंय, हा माणूस नियम मोडून, दांडा न घेता आत गेला. स्वतःच्या हलगर्जीपणानं भाजला. असल्या माणसाला बॉयलरजवळ कसं उभं करायचं? आणखी चार जण मारील." ह्यांना गेटवर बसवलं, हातात शिट्टी देऊन. आन् कारकुनाचं तोंड काय झाकून राहतंय? आठ दिसांत सगळ्यांना कळलं. गेटातून आत जाताना पोरं म्हणायची, "काय काका, झाडू आणला का आज?" कुणी डबा इसरला, कुणी छत्री इसरली, की म्हणायचे, "झाडूवाल्या काकावानी करू नको." पुढं बाळू लागला तिथंच कंत्राटावर, तर त्याला मुकादम दर पाळीला सांगायचा, "बापासारखं करू नको बरं का." बाळू घरी येऊन जेवायचा नाय.

आन् हे हसायचे. हसून म्हणायचे, "पोरं हायेत." त्या हसण्याचा मला साहेबापेक्षा जास्ती राग यायचा. दांडा तर घरात व्हता ना! लोखंडी पेटीत, पांढऱ्या रुमालात गुंडाळून, हातभर लांब. दवाखान्यात एका सोबत्यानं आणून दिला व्हता. त्याचं एक टोक असं, सुरीनं काकडी कापावी तसं सपाट, आन् कडंला काळं. पेटी उघडली की त्याच्याकडं बघायचे, पुन्यांदा गुंडाळून ठिवायचे. मी म्हणायची, "दाखवा की लोकांना." म्हणायचे, "मी दांडा दाखवायचा म्हंजे साहेब खोटे बोलले असं दाखवायचं. राहू दे."

त्या हिवाळ्यात वाण्याकडून शेंगदाणे आणले, पुडीच्या कागदावर साहेबांचा फोटो. ह्यांनी कागद उलटा-सुलटा केला, शेंगदाणे सांडले घरभर. "आगं, आमचे साहेब! नाशकात हायेत! इंदिरानगरात बंगला बांधलाय! त्यांचा सत्कार हाय पुढल्या हप्त्यात!" खोकत खोकत त्यो कागद भिंतीला चिकटवला भाताच्या शितानं. दोन विनाशिकांचा कप्तान, शूर, पदक, सगळं लिवलं व्हतं, बाळूनं वाचून दाखवलं. मी शेंगदाणे येचत राहिले. एक एक येचला. लोक म्हणतात, म्हातारी शांत हाय, कवा भांडत नाय. खरी वाफ दिसत नाय बाबांनो.

दुसऱ्या दिशी बागेत न जाता मी पेटी उघडली. हे झोपले व्हते. दांडा पिशवीत घातला, वर द्राक्षाचे दोन घड ठेवले, कच्चे, आंबट, बागेतून आणलेले. मोठ्याच्या दारात मोकळ्या हातानं जायचं नाय, म्हणून. इंदिरानगर तवा नवं नवं व्हतं. मोकळे प्लॉट, मधीच बंगला, बोरी-बाभळी. इचारत इचारत गेले. हातावर औषधाचे हिरवे डाग व्हते, पदरात लपवले.

बाईसाहेबांनी दार उघडलं. मी म्हणलं, साहेबांच्या जहाजावरच्या माणसाची बायको. त्यांनी आत घेतलं, चांगलं बोलल्या, खोटं कशाला सांगू. मी खाली बसले तर साहेब म्हणले, "वर बसा बाई, खुर्चीवर." म्हातारे झाले व्हते, पण पाठ सरळ. पांढरा शर्ट, कडक. घड घेतले, म्हणले, "वा, द्राक्षं!" एक मणी तोंडात टाकला, आंबट लागला, तरी गिळला.

"मालकांचं नाव काय तुमच्या?"

आता हे सांगते ती माझी चूक. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय. लग्नात उखाण्यात घेतलं त्येवढंच, ते बी बायांनी कोंडून धरलं म्हणून. रेशनच्या दुकानात सुद्धा शेजारणीला पुढं करायचे, तू सांग म्हणून. त्या चकचकीत फरशीवर, साहेबांसमोर, बी मला ते नाव घ्यायचं जमलं नाय. म्हणलं, "तुमचेच ते. भाजलेले."

"हां, हां! डावा हात." साहेबांना हात आठवला. नावाला म्हणले, "बरं, नाव नंतर घेऊ."

मी दांडा काढून त्यांच्या काचेच्या टेबलावर ठिवला. बाईसाहेबांनी इचारलं, "हे काय?" साहेबांनी उचलला, टोकावरून अंगठा फिरवला, आन् मला काय सांगावं लागलं नाय. तेच म्हणले, "वाफेनं कापलंय."

"म्हंजे त्यांच्या हातात दांडा व्हता ना साहेब?"

"होता."

"मंग कागदावर नव्हता असं कसं?"

बाईसाहेब च्या आणायला उठून गेल्या. साहेबांनी त्यांना जाऊ दिलं. मंग बोलले. माझ्यासारखीला कशाला खोटं सांगायचं असं वाटलं असंल, मी कुठं जाऊन सांगणार व्हते? म्हणले, "बाई, जहाज बंदरात असतानाच त्या पाइपाची तक्रार आली होती. सांधा खराब आहे म्हणून."

"कोनी केली?"

"त्यांनीच."

माझ्या कानात शिट्टी वाजली. हे मला ह्यांनी कवाच सांगितलं नव्हतं. "मंग?"

"मग काय. दुरुस्तीला पंधरा दिवस लागले असते. लढाई तोंडावर आलेली. दुसरं जहाज गेलं असतं आमच्या जागी."

"जाऊ द्यायचं की."

साहेब हसले. वाईट नाय हसले, लेकरानं काय बोलावं आन् आपण हसावं तसं. "तुम्हाला नाही कळायचं. वीस वर्षं माणूस ज्या दिवसाची वाट बघतो, त्या दिवशी बंदरात बसून राहायचं?" मंग दांडा खाली ठिवला आन् म्हणले, "पाइपाची चूक लिहिली असती तर मला विचारलं असतं, असला पाइप घेऊन गेलातच का? माणसाची चूक लिहिली की पुढं कोणी काही विचारत नाही."

हे वाक्य मी तिथनं घेऊन आले. अजून माझ्यापाशी हाय. भाकरी थापताना म्हणते, लुगडं पिळताना म्हणते. माणसाची चूक लिवली की पुढं कोनी काय इचारत नाय. त्या दिशी खुर्चीच्या कडंला बसून मी म्हणलं, "साहेब, मला कागद नको. पैका नको. हप्त्यानं तुमचा सत्कार हाय, चार लोक येतील. तिथं तुम्ही एवढंच बोला. ह्यांच्या हातात दांडा व्हता. ह्यांची चूक नव्हती. ते ऐकून मरतील. लय दिस नाय राहिले त्यांचे."

साहेब उठले, खिडकीपाशी गेले. पाठमोरेच म्हणले, "बोलेन. शब्द देतो. त्यांना घेऊन या."

घरी आले. ह्यांना काय सांगितलं नाय कुठं गेले व्हते. म्हणलं, सत्काराला जाऊ. माणूस असा उठून बसला! पांढरा सदरा काढला, स्टार्च करायला लावला, तांदळाच्या पेजेनं केला. तांब्यात चुलीतला इस्तू घालून सोता इस्त्री फिरवली, उजव्या हातानं, डाव्या कोपरानं कापड दाबून धरून. बूट पॉलिश केले. बाळू म्हणला, "दादा, नवरदेव का?" तर म्हणले, "गप रे. साहेब बघणार हायेत."

हॉल भरला व्हता. पोरं, मास्तर, पुढारी, हार. आम्ही मधल्या रांगेत. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत दांडा. म्हणलं, साहेब बोलले की लोक इचारतील, कुठाय तो दांडा? तर असू द्यावा. साहेब उभे राहिले, छातीवर पदक. बोलायला लागले. दर्या कसा व्हता, वारा कुठून व्हता, दुष्मन किती लांब व्हता, किती वेगानं गेलो, सगळं पाठ. एक आकडा इसरले नाय. वाऱ्याची दिशा सुद्धा ध्यानात! आन् मंग म्हणले, "खाली बॉयलरपाशी आमचा एक स्टोकर होता. भाजला, पण जागा सोडली नाही. असा शूर. तो आज आपल्यामध्ये बसलाय."

टाळ्या. टाळ्या. ह्यांना कोनीतरी हाताला धरून वर नेलं. हे पायऱ्या चढताना तीनदा थांबले श्वासाला. वर जाऊन साहेबांपुढं उभे राहिले आन् कडक सलाम ठोकला. साहेबांनी मिठी मारली. फोटो. आणखी टाळ्या. मी दोन्ही हात पिशवीवर दाबून वाट बघत राहिले. आता बोलतील. आता. साहेब माइककडं वळले आन् म्हणले, "जय हिंद."

संपलं.

एक स्टोकर. समोर उभा व्हता, मिठीत व्हता, नाव इचारायला दोन पावलं सुद्धा टाकायची नव्हती. शूर म्हणले. शूर म्हणायला काय लागतं? तोंडात मणी टाकल्यासारखं सोपं. चूक नव्हती म्हणायला लागतं. तिथं सोताच्या छातीवरचं पदक थोडं हलवावं लागतं.

मी गर्दीतून पुढं घुसले. "साहेब!"

"बोललो की बाई."

"शूर म्हणलात. दांड्याचं कुठं म्हणलात?"

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. हळू आवाजात म्हणले, "इतक्या लोकांत, बाई... समजून घ्या." आन् हार घेऊन आलेल्या माणसाकडं वळले. समजून घ्या म्हणं. पंचवीस वरसं दुसरं काय केलं?

रिक्षात हे बाहेर बघत बसले. मला वाटलं, खुशीत हायेत. दुसऱ्या दिशी सकाळी मी आंघोळीचं पाणी तापवत व्हते. बंबातून पांढरं वर निघत व्हतं. हे भिंतीला टेकून तिकडं बघत व्हते. सदरा अंगातला काढलाच नव्हता, इस्त्री मोडली व्हती. एकदम म्हणले, "दांड्याचं नाय काढलं त्यांनी."

मी तांब्या खाली ठिवला. "म्हंजे तुम्ही..."

"शेवटपस्तोर वाट बघितली गं मी. जय हिंद म्हणले तरी वाटलं, आजून काय बोलतील."

मला असा राग आला, म्हणलं, "तुम्हीच म्हणायचे ना, साहेब देव हाय!"

"देव हाय म्हणून तर वाट बघितली."

ह्या माणसानं गेटवर बसून पोरांचं ऐकलं, हसला, आन् आत पंचवीस वरसं एका वाक्याची वाट बघत राहिला. मला वाटायचं, ह्यांना काय लागत नाय. बायको असून मला कळलं नाय. मंग मी पेटीपाशी गेले, पिशवीतला दांडा रुमालात गुंडाळला. त्यांनी बघितलं मी तो कुठून काढला ते. नुस्तं म्हणले, "साहेबांकडं आंबट द्राक्षं नेली व्हतीस का?" मी म्हणलं, व्हय. तर हसले. खरं हसले, खोकला येईपस्तोर.

द्राक्षं गोड झाली, पेट्या भरून गाड्या जायला लागल्या, तवा ते गेले. मी त्या दिशी बागेत घड कापत व्हते. टेम्पोतून उतरले तर गल्लीत बाया उभ्या. त्यांच्या अंगावर चादर घातली व्हती, बाळूनं डावा हात चादरीच्या आत सारला व्हता. मी तो बाहेर काढला. म्हणलं, असू दे वर. लपवायचं काय त्यात?

बाळू आता बॉयलरपाशीच असतो. मुकादम बदलले, टोमणा नाय बदलला. पण बाळू आता जेवतो. पाळीला निघताना कोपऱ्यातला लांब दांड्याचा झाडू उचलतो. तिथं लागो न लागो. मी दारातून बघत राहते.

साहेब जाऊन दोन वरसं झाली. मागच्या कुंभमेळ्यानंतर गेले. मला वाटलं व्हतं, ते गेले की माझा राग जाईल. नाय गेला. उलट आता इचारायला बी कोनी राहिलं नाय. होता, असं त्यांनी सोताच्या तोंडानं म्हणलं व्हतं. ते ऐकणारी मी एकटी, आन् मला कोन इचारतंय?

तर काल मी हात धुतले, आन् त्या इंदिरानगरच्या तिघांना म्हणलं, "येते. हार बी घालते. पण मला माइकवर दोन वाक्यं बोलू द्या."

ती बाई दचकली. मी बहिरी नाय म्हणून, का माइकवर बोलते म्हणले म्हणून, कळलं नाय. उंच माणूस म्हणला, "अहो आजी, कार्यक्रम मिनिटा-मिनिटाचा बसवलाय. काय बोलणार तुम्ही?"

मी सांगितलं. रुमाल सोडून दाखवला सुद्धा. तिघांनी दांड्याकडं बघितलं, मंग एकमेकांकडं.

"आजी, माणूस गेला आता. गेलेल्याबद्दल कशाला..."

"माझा बी गेलाय."

बाहेर राख पडत व्हती. मंग उंच माणूस म्हणला, "तुम्ही विचार करा," आन् पत्रिका ठेवून गेले. सांजच्याला बाळूनं वाचली. साहेबांचं नाव वर, मोठं, पदकासकट. खाली हार घालणाऱ्याच्या जागी लिवलंय, एका वीर नाविकाच्या पत्नीच्या हस्ते. एका. पुन्यांदा एक. त्याला नाव नाय, मला नाव नाय.

मी जाणार नाय. त्यांनी तो हार कुणाच्या बी हातानं घालावा. पण ती दोन वाक्यं माझ्या पोटात ठेवून मी मरणार नाय, म्हणून नातीला म्हणलं, वही घे, मी सांगते तसं लिव, कुठं सुदराया जाऊ नको. साहेबांनी नाव इचारलं त्या दिशी मी लाजले. उभा जलम लाजले. आता सत्तरी उलटली, आता लाज कुणाची? उखाणा बी नको.

माझ्या नवऱ्याचं नाव पुंजाराम महादू गांगुर्डे. ते आत शिरले तवा त्यांच्या हातात दांडा व्हता.